स्वच्छ पाण्यातले डास

मस्कतमधली माझी एकवीस वर्षं एसीच्या पाण्यात गेली. एसी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत मी फोरमन आहे. लोकांना एसी म्हणजे थंड हवा वाटते, आमच्या धंद्यात एसी म्हणजे पाणी. भिंतीवरून ओघळतंय, सोफ्यावर टपकतंय, खालच्या माणसाच्या नव्या गाडीवर पडतंय, अशाच तक्रारी जास्त. उन्हाळ्यात समुद्रावरून इतकी दमट हवा येते की एकेक एसी दिवसाला बादल्या भरतो, आणि सगळं शहर ते पाणी पाइपातून रस्त्यावर सोडून मोकळं होतं.

मला ते बघवत नाही. मी कोकणातला. आमच्या गावात जुलैत पाणी ओटीला लागतं आणि मे महिन्यात विहिरीच्या तळाशी उतरून तांब्याने कळशी भरावी लागते. ज्याने तांब्याने कळशी भरलीय तो वाया जाणाऱ्या पाण्याखाली बादली धरतोच. म्हणून अझैब्यातल्या ज्या जुन्या व्हिलात आम्ही भाड्याने राहतो तिथे मी दोन मोठे निळे ड्रम बसवले. तळमजला आमचा, त्यामुळे एक ड्रम अंगणात. मधल्या मजल्यावर घरमालक अर्बाबचं जुनं फर्निचर कुलपात. दुसरा ड्रम गच्चीवर, तिथून नळी सोडून थेंबाथेंबाने पाणी खाली बागेत. मी त्याला धरण प्रकल्प म्हणायचो. बायको म्हणायची, तुमची डबकी.

डबकी म्हणा नाहीतर काही म्हणा, त्या पाण्यावर मी ओमानमध्ये अळू पिकवला. कढीपत्ता, जास्वंद, एक पपई हे सगळं होतंच, पण अळू म्हणजे अळू. मस्कतमधल्या निम्म्या मराठी घरांत गणपतीला अळूवड्या व्हायच्या त्या माझ्या पानांच्या. पानं फुकट होती, फक्त ती न्यायला येणाऱ्याला आधी एसीच्या पाण्यावरचं माझं व्याख्यान उभ्याने ऐकावं लागे. काही लोक पुढे पुढे ड्रायव्हरला पाठवायला लागले. मी ड्रायव्हरलाही ऐकवायचो.

गच्चीवरच्या ड्रमला पाणी यायचं ते मास्टरच्या एसीचं. गच्चीवर एकच खोली, तिच्यात मास्टर राहायचा. वसईचा ख्रिश्चन माणूस, एका मोठ्या हॉटेलात केक-पेस्ट्रीचा मुख्य कारागीर, म्हणून सगळ्यांचा मास्टर. बायको आणि दोन मुलं वसईला. दिवसभर भट्ट्यांसमोर उभा राहून तो इतका भाजून निघायचा की खोलीत आला की एसी सोळावर. मे महिन्यात गोधडी घेऊन झोपणारा मस्कतमधला तो एकटाच असेल. पण त्याच्या थंडीवर माझा अळू पोसला जात होता, त्यामुळे मी तक्रार कशाला करतोय! शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा आणि येताना हॉटेलातला एखादा वाकडा झालेला केक आणायचा. मी म्हणायचो, "मास्टर, एकदा तरी सरळ केक आण." तो म्हणायचा, "सरळ केक गिऱ्हाइकाला, वाकडा मित्राला." चौदा वर्षांत आमच्यात याहून खोल बोलणं फारसं झालं नसेल, आणि तरी त्याच्याइतका जवळचा माणूस मला या देशात दुसरा नव्हता.

गेल्या वर्षी मात्र मास्टर सरळ केकबद्दल फार बोलायला लागला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, जानेवारीच्या शेवटी, वसईला. आयुष्यभर त्याने लोकांच्या लग्नांचे केक केले. शेखांच्या घरचे पाच-पाच मजली, वर साखरेचे घोडे. आता पोरीचा केक तो स्वतःच्या हाताने करणार होता, वसईच्या घरच्या ओव्हनमध्ये. ती पहिलीत असताना तिने तसा शब्द घेतला होता म्हणे. ईस्टरपासून वसईच्या घरी बरण्यांमध्ये रममध्ये सुकामेवा भिजत पडला होता आणि मास्टर दर रविवारी बायकोला फोनवर विचारायचा, ढवळलास का? मी म्हणायचो, "नवऱ्या मुलाची चौकशी केलीस का कधी? मनुकांचीच विचारपूस चाललीय." नाताळ आणि नव्या वर्षाच्या गर्दीमुळे हॉटेलने त्याला रजा दिली ती नेमकी लग्नाच्या पाच दिवस आधीपासून. पाच दिवसांत केक होतो, तो म्हणाला. एक दिवसही कमी चालणार नाही, पण पाचात होतो.

हे इकडे चालू असताना माझी मुलगी नववीत होती आणि तिला प्रोजेक्ट मिळालं होतं. ती वादी कबीरच्या मोठ्या शाळेत जाते. पहाटे व्हॅन येते आणि तेवढ्या लांबच्या प्रवासात ती जे मराठी घरून घेऊन निघते ते वाटेतच सांडतं. एका संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर मोठा चार्ट पसरला. मध्ये डास, भोवती रंगीत चौकोन.

"बाबा, जगाचे सेव्हन्टीन गोल्स असतात. म्हणजे सगळ्या कंट्रीजनी ठरवलेले. गरिबी नको, सगळ्यांना स्कूल, चांगलं काम, क्लीन वॉटर. आणि डेंगी आहे ना, तो नेग्लेक्टेड डिसीज आहे. त्याला कंट्रोल केलं की बाकीच्या गोल्सना हेल्प होते. हे मला अ‍ॅरोजनी दाखवायचंय."

"नेग्लेक्टेड म्हणजे?"

ती अडली. "म्हणजे... त्याच्याकडे कोणी बघत नाही."

"दुर्लक्षित."

"हां, तेच. दुर्लक्षित."

आता एखादा शहाणा बाप म्हणाला असता, छान विषय आहे. मी चष्मा लावला, डासापासून शिक्षणाकडे गेलेल्या बाणावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हा डास शाळेत जातो का?" मग चांगल्या कामाकडे गेलेल्या बाणावर. "आणि हा नोकरीला कुठे लागला? व्हिसा कोणी दिला?" बायको हसली. मला चेव आला. डास चावला की माणसाला ताप येतो, तापाने जगाची गरिबी कशी वाढते, तुमच्या टीचरलाच ताप आलाय का, असं माझं बराच वेळ चाललं. मुलीने चार्टची गुंडाळी केली. "यू ऑल्वेज मेक फन," ती म्हणाली आणि खोलीत गेली. त्यानंतर तिने तो चार्ट मला दाखवला नाही. मी मागितलाही नाही.

डिसेंबरच्या मध्यावर दोन दिवस पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यात पालिकेची डासांची मोहीम आमच्या गल्लीत आली. पुढे एक तरुण ओमानी मुलगी, अबायावर पांढरं जॅकेट, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात लांब दांड्याची पांढरी पळी. मागे फवारणीची टाकी पाठीला लावलेली दोन माणसं. तिने सलाम केला, आत यायची परवानगी मागितली आणि सरळ माझ्या अंगणातल्या ड्रमकडे गेली. मला वाटलं आता ही कौतुक करणार. मी व्याख्यानाचं पहिलं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात तिने पळी बुडवली, वर काढली आणि माझ्यासमोर धरली. पाण्यात बारीक काळे वळवळे नाचत होते.

मी म्हणालो, "हा एसीचा पानी आहे. एकदम साफ. मच्छर गंदगीत होतो." आमच्याकडे सगळं हिंदी असंच.

ती शांतपणे म्हणाली, "ये मच्छर गंदा पानी में नहीं जाता. इसको साफ पानी माँगता." तिचं हिंदी माझ्यापेक्षा बरं होतं. मग तिने मला समजावलं. उन्हाळ्यात तुमचं पाणी रोज येतं, रोज झाडांना जातं, तेव्हा ठीक. आता थंडीत एसी बंद. नवं पाणी येत नाही, झाडांना फार लागत नाही, म्हणजे हे पाणी महिनाभर उभं आहे. दर आठवड्याला रिकामं करायचं आणि आतून ब्रश मारायचा, कारण अंडी भिंतीला चिकटतात.

एकवीस वर्षं एसीच्या धंद्यात काढलेल्या माणसाला एक पंचविशीची पोर सांगत होती की थंडीत एसी बंद असतो. आणि ते बरोबर होतं, हे जास्त झोंबलं. मी खरोखरच थंडीत ते पाणी पुरवून पुरवून वापरायचो, शेवटचा ड्रम म्हणून. तिच्या माणसांनी माझ्यासमोर ड्रम आडवा केला. पाणी फरशीवरून दारापर्यंत गेलं. कळशीभर पाण्यासाठी विहिरीत उतरलेला माणूस ते बघत उभा होता. नाकावर राग होताच, तो डोक्यात गेला.

तिने वर बोट दाखवलं. "ऊपर?"

"ऊपर बॅचलर रहता है," मी म्हणालो. "ड्यूटी पे गया. चावी नहीं है."

गच्चीची किल्ली माझ्या पाठीमागे दाराच्या खिळ्यावर लटकत होती. माझी मुलगी दारात उभी होती. तिने एकदा खिळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ओमानी मुलीने कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, तो आला की बघून घ्या, काही पाणी असेल तर फेका. मी म्हणालो, "इन्शाल्ला." आमच्या कंपनीत एखादं काम करायचं नसलं की आम्ही इन्शाल्ला म्हणतो. खऱ्या श्रद्धेने म्हणणारे लोक असतात, आम्ही त्यातले नव्हे.

बायकोने संध्याकाळी विचारलं, "वरचा ओतलात ना?" मी म्हटलं, बघतो. वर गेलो आणि ड्रमवर एक प्लायवूडची फळी टाकली. नळी आत जायला हातभर फट राहिली. तेवढ्याने माझं समाधान झालं. खरं सांगायचं तर मला ते पाणी वाचवायचं होतंच, पण त्याहून जास्त मला त्या पोरीचं ऐकायचं नव्हतं.

त्या शुक्रवारी मास्टर जेवायला आला तेव्हा सुरमईचं कालवण होतं आणि मी रंगात होतो. मी टेबलावरची डाळीची पळी उचलली, ओढणी डोक्यावर घेतली आणि त्या मुलीची नक्कल केली. आमटीत पळी बुडवायची, डोळ्यांसमोर धरायची आणि गंभीरपणे म्हणायचं, "इसको साफ आमटी माँगता." बायको डोळे पुसेपर्यंत हसली. मास्टरही हसला. दुसऱ्या शुक्रवारी शेजारचं एक मराठी जोडपं आलं होतं, तेव्हा त्यांच्या फर्माइशीवरून मी तोच प्रयोग पुन्हा केला, थोडी भर घालून. एक माझी मुलगीच हसली नाही, पण त्या वयात मुली हसतच नाहीत, असं मी धरून चाललो.

मास्टरच्या विमानाला चार दिवस राहिले असताना त्याला ताप भरला. आधी वाटलं, सीझनची दगदग. मग तो जिन्यावरून उतरताना कठड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "डोळे मागून कोणीतरी दाबतंय रे." हाडं मोडल्यासारखी दुखतात म्हणाला. त्याला गाडीत घालून मी क्लिनिकमध्ये नेलं, तिथून त्यांनी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. रक्त तपासलं. डेंगी. प्लेटलेट उतरताहेत, ठेवून घ्यावं लागेल.

मी बाहेरच्या खुर्चीत बसलो आणि पहिला विचार मला मास्टरचा आला नाही, ड्रमचा आला. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. त्याच्या खोलीच्या दारापासून चार पावलांवर तो ड्रम. थंडीची हवा छान म्हणून हल्ली तो खिडकी उघडी ठेवून झोपायचा. मी तसाच घरी आलो, भर दुपारी गच्चीवर गेलो, फळी बाजूला केली आणि आत टॉर्च मारला. माझ्या स्वच्छ पाण्यात त्यांचं गाव वसलं होतं. मी ड्रम ढकलून दिला. सगळं पाणी गच्चीच्या पाइपातून धो धो खाली रस्त्यावर गेलं आणि त्या वेळी मात्र मला त्या पाण्याचं काहीच वाटलं नाही.

डेंगीचा पेशंट निघाला की त्याच्या घराभोवतीचा परिसर तपासतात. दुसऱ्या दिवशी पालिकेची तीच मुलगी आली. या वेळी किल्ली मी स्वतः काढून दिली. वर उपडा घातलेला ड्रम, त्याच्याभोवती अजून ओलं गोल वर्तुळ. तिने ते पाहिलं, मग खिडकी पाहिली, मग मला पाहिलं.

"खलास?" तिने विचारलं.

"खलास," मी म्हणालो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवीतून एक ब्रश काढला, माझ्या हातात दिला आणि शेजारी उभी राहिली. मी ड्रममध्ये डोकं घालून आतून घासलं. एकदा झालं तर म्हणाली, फिर से. तिसऱ्यांदा घासून झाल्यावर तिने मित्राला बरं वाटू दे असं म्हटलं, आणि ती मनापासून म्हणाली.

घरी मुलगी टेबलावर चार्ट पसरून बसली होती. मी आल्यावर तिने तो गुंडाळला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. तिने आईला विचारून बरीच माहिती गोळा केली होती. मास्टर हॉटेलात पुन्हा कधी उभा राहील ते सांगता येत नव्हतं म्हणून त्याच्या हाताखालच्या केरळच्या कारागिराची पुढच्या महिन्यातली रजा रद्द झाली होती. तो नुकतंच झालेलं बाळ बघायला जाणार होता. मास्टरचा मुलगा शेवटच्या वर्षाला, तो बापाच्या वाटणीची धावपळ करायला लागला आणि त्याचं कॉलेजचं प्रॅक्टिकल बुडालं. मास्टरची बायको लग्नाचं घर सोडून दिवसभर फोन धरून बसलेली. डासापासून निघालेल्या बाणांखाली माझी मुलगी हे सगळं बारीक अक्षरात लिहीत होती. शिक्षणाच्या बाणाखाली त्या मुलाचं प्रॅक्टिकल. कामाच्या बाणाखाली दोन कारागीर. व्हिसा कोणी दिला असं विचारणारा मी शेजारी उभा राहून वाचत होतो. जगाच्या मोठ्या मोठ्या गोष्टी तिने आमच्या गच्चीपर्यंत आणून ठेवल्या होत्या, आणि एकही बाण चुकीचा नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "डास कुठून आला, ते पण लिहायचंय. रूफचा ड्रम लिहू?"

"काही गरज नाही," मी ओरडलोच.

तिने पेन्सिल खाली ठेवली. "ओके. मग मी ब्लँक ठेवते."

आणि तिने खरंच डासाखाली एक रिकामी चौकट काढली, पट्टी लावून, व्यवस्थित. शाळेत चार्ट तसाच गेला.

हॉस्पिटलात मी रोज जायचो. बायकोने पपईच्या पानांचा रस दिला होता, तो नर्सने दारातच अडवला, मग मी तो बागेतल्या पपईलाच घातला. मास्टर रोज एकच प्रश्न विचारायचा, आज किती? प्लेटलेटचा आकडा सांगितला की तो मनात हिशेब करायचा, उतरणं थांबलं तर परवा, परवा नाही तर तेरवा. आपल्याला सरळ उभं राहता येत नाही हे त्याच्या हिशेबात नव्हतं. विमानाचा दिवस सलाइनच्या बाटलीखाली गेला. त्यानंतर आकडा चढायला लागला, पण डॉक्टरीणबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं, घरी सोडते, विमानात बसायचं नाही, अजून आठवडा तरी नाही. लग्न दोन दिवसांवर होतं. त्याची मुलगी फोनवर रडत म्हणाली, पप्पा, आपण पुढे ढकलू. मास्टर म्हणाला, "चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची नावं वाचून झाली, हॉल ठरलाय, चारशे माणसांना निमंत्रण गेलंय. केकवाचून लग्न अडत नाही." फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मी तिथेच बसून राहिलो. तेव्हा सांगायला हवं होतं. मी त्याला म्हणालो, शहाळ्याचं पाणी देऊ का?

लग्न शनिवारी होतं. आम्ही मास्टरला आमच्याकडेच उतरवलं होतं, जिने चढायला नकोत म्हणून. दुपारी त्याने लग्नासाठी शिवलेला सूट घातला. तो अंगावर दोन माप मोठा झाला होता. बायकोने पैठणी नेसली, मी कोट घातला, मुलीने मोबाइल टीव्हीला जोडून दिला, आणि अझैब्यातल्या आमच्या हॉलमध्ये आम्ही चौघं वऱ्हाडी ओळीने सोफ्यावर बसलो. मास्टरचा मुलगा तिकडून चित्र दाखवत होता, निम्मा वेळ चर्चचं छत आणि निम्मा वेळ कोणाच्या तरी मावशीचा अंबाडा. मास्टर त्याला फोनवरून सूचना देत होता. मग दार उघडलं आणि नवरी आत आली, काकाच्या हाताला धरून. मास्टरने सूचना थांबवल्या. त्याने आपला उजवा हात कोपरात वाकवला, तिने धरावा तसा, आणि ती वेदीपर्यंत पोचेपर्यंत तो हात तसाच धरून बसला. आपण असं करतोय हे त्याला कळत नसावं. मला मात्र ते दिसलं आणि मी मान वळवली, कारण माझ्याने बघवेना.

संध्याकाळी हॉलमधला कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तो जरा सावरला. वसईच्या बेकरीतून आणलेला तीन मजली केक पडद्यावर आला. मास्टर पुढे झुकला. "ते आयसिंग बघ. गवंड्याने पुट्टी लावलीय." बायको हसली, मुलगीही हसली, आणि त्या हसण्यात मला एकदम वाटलं की आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही.

मी म्हणालो, "मास्टर, गच्चीवरचा ड्रम मी ओतला नव्हता. ती तपासायला आली तेव्हा खोटं बोललो. त्यात डास होते. तुझा ताप माझ्या ड्रममधला आहे."

बायकोने पदराचं टोक हातात धरलं. मुलीने टीव्हीचा आवाज कमी केला.

"ठाऊक आहे मला," मास्टर केककडेच बघत म्हणाला. "तू फळी टाकलीस त्याच्या दोन-तीन दिवसांनी मी पाहिले. त्या पोरीने पळीत दाखवले ना तुला, तसलेच वळवळे."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलायलाच आलो होतो खाली. दोन शुक्रवार." त्याचा आवाज अजून बारीक होता. "पहिल्यांदा आलो तर तू ओढणी घेऊन त्या पोरीची नक्कल करत होतास. दुसऱ्या वेळी ते शेजारचे होते, पुन्हा तेच. सगळे पोट धरून हसत होते. म्हटलं, आता मी बोललो तर पुढच्या शुक्रवारी ओढणी माझ्या नावाने." तो किंचित हसला. "म्हटलं, आहेत किती दिवस. लग्नाला जाऊन आल्यावर मीच ओतीन."

मला राग आला असता तर सोपं होतं. राग यायला जागाच नव्हती. मी त्याला खरंच सोडलं नसतं, महिनाभर तरी. आणि माझी मुलगी, जी त्या खिळ्याकडे बघून गप्प बसली, तीही ह्याच भीतीने गप्प बसली, हे तिच्याकडे बघताच मला समजलं. ती खाली बघत होती. मला हसवता येतं याची मला एवढी घमेंड होती, आणि माझ्या घरात जी दोन माणसं शहाणी होती त्यांनी माझ्यासमोर तोंड उघडायचं बंद केलं होतं. मी मास्टरची माफी मागितली. मुलीचीही मागितली, मराठीत, आणि तिला ते नीट कळलं.

तेवढ्यात मास्टरचा फोन वाजला. नवरीच होती. तो तिच्याशी बोलला, जेवलीस का, पाय दुखत असतील, असं काहीबाही. मग म्हणाला, "हो, इथेच आहेत. तुझ्याशी बोलायचंय त्यांना," आणि फोन माझ्या हातात दिला. मी हाताने नको नको करत होतो. त्याने फोन मागे घेतला नाही.

"काका," ती म्हणाली, "पप्पांना तुम्ही सांभाळलंत. हॉस्पिटल, घर, सगळं. मम्मी सारखी म्हणते, तिथे ते होते म्हणून. थँक्यू, काका."

मास्टर माझ्याकडे बघत होता. चिडून नाही, पण मान वळवूनही नाही.

"थांब, बाय," मी म्हणालो. "आभार मानू नकोस. आधी ऐक." आणि मी तिला सांगितलं. ड्रम माझा होता, डास त्यातले होते, मला विचारलं होतं आणि मी खोटं बोललो, म्हणून तुझे पप्पा आज तिथे नाहीत. तिकडे हॉलमध्ये बँड जोरात वाजत होता. तिला काही ऐकू आलं नाही. "काय, काका?" तिने विचारलं, आणि मला ते सगळं पुन्हा एकदा, मोठ्याने सांगावं लागलं.